कौतुक कुणाचं, कशाचं आणि कुठपर्यंत?

(नोकरदार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. त्यातला एक अगदी किरकोळ वाटणारा भाग मी निवडला आहे. हात धरणं, अश्लील चित्रं दाखवणं, बढतीसाठी अट घालणं याबद्दल आपल्या मनात आता गोंधळ उरलेला नाही. गोंधळ आहे तो "मॅडम, आज छान दिसताय" या वाक्याबद्दल.

मी काही कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. प्रशिक्षणाला गेलं की पुरुष कर्मचारी हमखास विचारतात, "म्हणजे आता साडी चांगली आहे असंही म्हणायचं नाही का?" आणि कार्यक्रम संपल्यावर बायका जिन्यात गाठून हळूच विचारतात, "साहेब रोज काहीतरी बोलतात. वाईट असं नाही बोलत. पण नको वाटतं. याची तक्रार होते का?" दोन्ही प्रश्न एकाच वाक्याबद्दलचे आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच शोधायला हवं.

पहिल्यांदा हे सांगते की, कौतुकाला आपला विरोध नाही. रोज आठ-दहा तास एकत्र काम करणारी माणसं एकमेकांकडे बघणार, बोलणार. कार्यालयात अबोला धरायला आपण सांगत नाही. मग सीमा कुठे आखायची? माझ्या मते ती नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. ऐकणारीला ते कौतुक नाकारता येतं का, यावरून ठरते.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "हा रंग तुला शोभतो," तर मी "काहीतरीच तुझं" म्हणून फाइल उघडू शकते. तेच वाक्य माझा गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी केबिनमध्ये बोलावून म्हणाला, तर? हसले तर त्याचा अर्थ काढला जाईल. न हसले तर मी आखडू ठरेन. कंत्राटावरची ऑपरेटर, शिकाऊ परिचारिका, मोबदल्यावर काम करणारी आशा यांची स्थिती तर आणखी अवघड. "नको" म्हणण्याची किंमत जिला मोजावी लागते, तिचं हसू म्हणजे संमती नव्हे.

कायदाही इथूनच सुरू होतो. तो सहज मिळालेला नाही, हे तरुण मैत्रिणींनी लक्षात ठेवावं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. बालविवाह रोखायचं काम केलं म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा निकाल आला. पुढे सोळा वर्षांनी, 2013 साली, कायदा झाला. त्यात 'लैंगिक रोख असलेले शेरे' स्वतंत्रपणे नोंदले आहेत, आणि सगळ्या व्याख्येचा कणा आहे एकच शब्द: नकोसं. म्हणजे तिला नको असलेलं.

तरीही प्रत्येक वाक्याचा निवाडा कायदा करून देईल, या भरवशावर राहू नका. 2025 सालच्या पहिल्या तीन महिन्यांतले तीन निकाल पाहा. केरळमध्ये वीज मंडळातल्या एका स्त्रीने तिच्या शरीराच्या ठेवणीवरच्या शेऱ्यांची आणि संदेशांची तक्रार केली. ठेवण चांगली आहे म्हणणं हा लैंगिक शेरा कसा, असा आरोपीचा बचाव होता. तिथल्या उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. मद्रास उच्च न्यायालयाने एका संगणक कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की, करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते वागणं त्या स्त्रीपर्यंत कसं पोचलं, हे महत्त्वाचं. आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे एका बँकेच्या प्रशिक्षणवर्गातला प्रसंग होता. सहकारी स्त्रीच्या लांब केसांवरून अधिकारी म्हणाला की, ते सांभाळायला जेसीबी लागत असेल. वर केसांवरच्या एका हिंदी गाण्याच्या ओळी म्हटल्या. बँकेच्या समितीने त्याला दोषी धरलं होतं. न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला. आरोप खरे मानले तरी याला लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे, असं म्हटलं.

या शेवटच्या निकालावर आपल्यात मतभेद असतील. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एखादी गोष्ट कायद्याने छळ ठरली नाही, म्हणजे ती बरी ठरली असं नाही. भर वर्गात सगळ्यांच्या नजरा एका बाईच्या केसांकडे वळल्या, तर ती शिकायला आलेली कर्मचारी राहत नाही. बघण्याची वस्तू होते. न्यायालयाची पायरी फार पुढची आहे. कार्यालयाचा शिष्टाचार त्याच्या बराच अलीकडे सुरू व्हायला हवा.

म्हणून मी प्रशिक्षणात चार साधे प्रश्न देते. एक, तुम्ही कशाबद्दल बोलताय? साडी, पर्स, चष्मा ही तिने निवडलेली गोष्ट आहे. अंग, कंबर, ओठ, वजन ही तिची निवड नाही आणि तुमचा विषयही नाही. दोन, हेच वाक्य तुम्ही तुमच्या पुरुष साहेबांना म्हणाल का? तीन, चारचौघांत मोकळेपणी म्हणाल का, की दार लागल्यावर किंवा रात्री मोबाइलवरच सुचतं? चार, एकदा म्हटल्यावर ती गप्प झाली, विषय बदलला, दूर सरकली, तर तुम्ही थांबलात का? तिने "नाही" असं मोठ्याने म्हणण्याची वाट बघायची नसते.

पाचवा प्रश्न साहेबांसाठी. तिने वर्षाचा हिशोब चोख लावला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बाईच्या दिसण्याचं कौतुक रोज आणि कामाचं वर्षातून एकदा, तेही कपात करून, असा आपल्याकडचा रिवाज आहे. "आज मीटिंगला रौनक आली" हे ऐकण्यापेक्षा "तुमचा मुद्दा बरोबर होता" हे ऐकायला आपण आलेल्या असतो.

आता थोडं आपल्याबद्दल. दिसण्यावर बोलण्याचा मक्ता काही पुरुषांचाच नाही. "अगं, किती सुटलीस," "उन्हात काळवंडलीस," "मंगळसूत्र नाही घातलंस?" हे जेवणाच्या डब्याभोवती आपणच बोलतो. नवरा गेलेल्या मैत्रिणीने टिकली लावली की नजरानजर होते. आणि दलित मैत्रिणीला "तू त्यांच्यातली वाटत नाहीस हं" असं म्हणणाऱ्यांना आपण कौतुकच केलं असं वाटतं! गोरेपणा, बारीकपणा, सौभाग्य आणि जात यांच्या मापाने केलेलं कौतुक हे मोजमापच असतं. मापात बसणारीलाही ते सुखाने बसू देत नाही.

जिन्यातल्या मैत्रिणींना मी हे सांगते. नको वाटतं, तर ते नको वाटणं खरं आहे. शक्य असेल तर पहिल्यांदाच शांतपणे म्हणा, "सर, कामाबद्दल बोलू या." नाही म्हणता आलं, तरी तुमचा हक्क जात नाही. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे वहीत लिहा. संदेश पुसू नका. एखाद्या सहकारी स्त्रीला सांगून ठेवा. तक्रार प्रसंगापासून तीन महिन्यांत करायची असते. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत म्हणून समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकामगार मैत्रिणींसाठीही तीच. आणि तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरवून तुमच्यावर कारवाई करता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

एकटीने बोलायला धीर लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून संघटनेकडे माझी एक मागणी आहे. प्रत्येक कार्यालयात समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी फळ्यावर आहेत का, हे महिनाभरात तपासू या. नसतील तिथे मिळून निवेदन देऊ या. आणि पुढच्या वेळी कुणी बाईच्या अंगावरून 'गंमत' केली, तर तिच्या शेजारी बसलेलीने हसायचं नाही. एवढं आपण उद्यापासूनच करू शकतो.