छापखाना गोव्यात आला, आणि मराठी घरात कधी?



शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ लिहिला गेल्याला जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. प्रत्येक नकलकाराच्या हातून एखादा शब्द गळावा, एखादी ओवी पदरची शिरावी, असे होत होत मूळ पाठ डागाळला होता. नाथांनी तो निर्मळ केला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १२ जानेवारी १५९८ रोजी, आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला. पैठण आणि सिंदखेड यांत अंतर ते किती! पण नऊ हजार ओव्यांची ती शुद्ध पोथी एवढे अंतर तोडायची, तर कुणीतरी पुन्हा महिनोन्‌महिने बैठक मारून ती उतरून काढावी लागे. आणि उतरून काढताना पुन्हा नव्या चुका होत.

यातले शल्य असे, की नाथांची लेखणी चालू होती तेव्हा या दुखण्यावरचा उपाय हिंदुस्थानात येऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात जेझुइट पाद्य्रांनी एक छापखाना उतरवला. खरे तर तो जायचा होता ॲबिसीनियाला. तो गोव्यातच राहिला आणि त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली.

युरोपातील ज्या कालखंडाला प्रबोधनकाळ म्हणतात, त्याने जगाला अनेक साधने दिली. दुर्बीण आली, सूक्ष्मदर्शक आला, स्प्रिंगवर चालणारे खिशातले घड्याळ आले. या सर्वांना पाय फोडले ते मात्र छापखान्याने. जर्मनीतील माइन्झ गावच्या गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून सुटे खिळे ओतले, त्यांना तेलाची शाई लावली आणि द्राक्षे पिळण्याच्या चरकासारख्या यंत्राने ते कागदावर दाबले. सुटे खिळे चीनमध्ये अकराव्या शतकातच होते, हे सांगायला हवे. पण युरोपात पन्नास वर्षांच्या आत दोनशेहून अधिक गावांत छापखाने निघाले. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून दिसलेले गुरूचे चंद्र जाहीर केले, तेव्हा त्याच्या पुस्तिकेच्या साडेपाचशे प्रती निघाल्या. एकाने पाहिले, शेकडोंनी वाचले, त्यांतल्या काहींनी स्वतः दुर्बीण लावून ताडून पाहिले.

आता आपल्याकडे वळू. कोपर्निकसचा ग्रंथ निघण्याच्या तेवीस वर्षे आधी, १५२० मध्ये, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-कोज्यांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहगणित करण्याची त्याची रीत इतकी सुटसुटीत, की पुढे कित्येक पिढ्या पंचांगकर्ते तिच्यावरच विसंबून राहिले. बुद्धीची वाण कधीच नव्हती. मात्र ग्रहलाघव हाताने उतरवला जात होता आणि ज्योतिषी घराण्यांतच फिरत होता. त्यावर कोणी आक्षेप घ्यावा, कोणी त्याच्या पुढे जावे, अशी व्यवस्थाच नव्हती. ‘आपल्याकडे सर्व होतेच’ असे म्हणून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. होते हे खरे. ते किती जणांच्या हाती होते, हेही विचारले पाहिजे.

गोव्याच्या छापखान्याने काय केले? १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता याचा भारतीय वनौषधींवरील मोलाचा ग्रंथ त्यावर निघाला. मात्र हा वैद्य वारल्यावर तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, असे ठरवून धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरे मात्र रोमन, आणि हेतू उघड धर्मप्रसाराचा. मराठीवर त्या परकीयाचे प्रेम होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या सत्तेच्या छायेत हे घडले, तिनेच १६८४ मध्ये कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. पुढे तेथील छपाईही थांबली, ती १८२१ पर्यंत.

आपल्या लोकांनी प्रयत्नच केले नाहीत असे नाही. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी पोथ्या छापाव्यात म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स आलाही. परंतु त्याला खिळे जुळवता येत होते, नवे कोरता येत नव्हते. नागरी लिपीची काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरे धरली तर शेकडो खिळे लागतात. घोडे तेथेच अडले. पुण्यात नाना फडणवीसांनी तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापण्याची योजना आखली. १८०० मध्ये नाना गेले. अखेर १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, केरीचे मराठी व्याकरण निघाले.

खरी कोंडी फोडली ती मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी. १८३१ मध्ये त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. छापील कागदाला शिवायचे नाही, शाईत चरबी असते, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यावर वाद न घालता तुपाची शाई वापरून धर्मग्रंथ छापण्याची तोड निघाली. ही तोड कुणाला हास्यास्पद वाटेल. पण समाजाची श्रद्धा न दुखावता नवे यंत्र घराच्या उंबरठ्याआत आणण्याचे असे शहाणपण पुष्कळ सुधारकांना साधले नाही. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच बाळशास्त्र्यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली. नाथांच्या पाठशुद्धीनंतर २६१ वर्षांनी! जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’ने तर असे देखणे नागरी खिळे ओतले, की काशीचे पंडितही त्या छपाईचे संस्कृत ग्रंथ प्रमाण मानू लागले. मिशनच्या छापखान्यात काम शिकलेला हा माणूस. विद्या तिथली, उपयोग इथला.

१८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा मुंबईहून निघालेली आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या स्थानकांवरून नागपूरपर्यंत धावत होती. पुण्यात छापलेला अंक वऱ्हाडात येई आणि गावात अक्षरओळख असलेला एखादा तो पारावर इतरांना वाचून दाखवी.

शेगावचे उदाहरण तर सर्वांच्या घरातले आहे. गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत दासगणू महाराजांनी एकवीस अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ रचला. तो उतरवून घेण्यासाठी कुणाला पैठणसारखी बैठक मारावी लागली नाही. आज मेहकर-चिखलीच्या घरात आणि अमेरिकेतल्या मराठी कुटुंबात गुरुवारी एकाच अध्यायाची तीच ओवी, काना-मात्रेचा फरक न होता वाचली जाते. आणि वाचणारी बहुधा घरातली आई किंवा आजी असते, जिच्या पणजीच्या हाती पोथी क्वचितच दिली जात असे.