गवळ्यांच्या दगडांपाशीं

(पुसेगांव येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



गेल्या हिंवाळ्यांत सोयाबीनची रास उरकून आम्ही पांचजण या पुसेगांवाहून नागपुराकडे गेलों. आमच्यांत तिघे शेतकरी, एक लोहार व एक कुंभार. हिंगोलीस आगगाडी धरली, अकोल्यास बदलली आणि नागपुरास उतरलों. कोणी म्हणेल, देवदर्शनास गेलां असाल. तसें नाहीं. आम्ही थडगीं पाहावयास गेलों होतों. हंसूं नका, पुढें ऐका.

नागपुराहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी म्हणून जागा आहे. तेथल्या माळावर मोठाल्या काळ्या धोंड्यांचीं कडीं मांडलेलीं आहेत. एकेका कड्यांत बैलगाडी सहज वळेल. मधला भाग माती-गोट्यांनीं भरून थोडा उंच आलेला. अशीं सुमारें ३०० कडीं तेथें आहेत. कांहीं धोंड्यांवर लहान लहान खळगे ओळीनें कोरलेले आहेत. कांहीं कड्यांतले धोंडे मात्र जागेवर नाहींत.

तेथें गुरें चारणारे एक म्हातारबाबा भेटले. आम्हीं विचारलें, "बाबा, हें कोणाचें?" ते म्हणाले, "गवळ्यांचें. पूर्वीं इकडे गवळ्यांचें राज्य होतें." ही गोष्ट त्यांच्या एकट्याची नव्हे. नागपूरकडे लोक हीं कडीं फार दिवसांपासून गवळ्यांचीं मानीत आले आहेत. आपल्याकडे कर्ता ठाऊक नसला कीं लेणें असो वा धोंडा असो, तो पांडवांच्या नांवें चढतो. येथें लोकांनीं तसें केलें नाहीं. गुरें राखणाऱ्यांच्या नांवें हीं थडगीं ठेविलीं, हें आम्हांस बरें वाटलें.

आतां कुदळीनें काय सांगितलें तें पाहा. १८७९ सालीं रिव्हेट-कार्नॅक नांवाच्या इंग्रज अंमलदारानें या कड्यांची हकीकत छापली. पुढें १९६१-६२ सालीं पुराणवस्तु खात्याचे थापर यांनीं जुनापाणीचीं तीन कडीं शास्त्रशुद्ध रीतीनें उकरलीं. त्यानंतर डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सोबत्यांनीं नागपूर जिल्ह्यांतच टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथें काम केलें. हीं थडगीं अडीच हजार वर्षांहून जुनीं ठरलीं. आंत काय सांपडलें? लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम, काळीं-तांबडीं मडकीं, अकीकाचे मणी, घोड्यांचीं हाडें व त्यांच्या डोक्यावरचा तांब्याचा साज. सोनें अगदीं थोडें. त्या लोकांच्या वस्त्यांत भात, गहूं, जव व मसूर यांचे जळके दाणेही मिळाले. म्हणजे हे लोक जनावरें राखीत आणि शेतीही करीत. म्हातारबाबांची गोष्ट अगदींच पोकळ नव्हती.

त्या कुऱ्हाडींचीं चित्रें आम्हीं आमच्या लोहारबंधूंस दाखविलीं. ते बराच वेळ पाहत राहिले. आज आपण कुऱ्हाडीस भोक ठेवून त्यांत दांडा बसवितों. त्या काळच्या कारागिरानें चपट्या पात्यास लोखंडाच्या पट्ट्या आवळून दांडा बांधला होता. ते म्हणाले, "हें ज्यानें केलें तो माझ्याहून उणा नव्हता." नैकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. तिच्या मातीच्या विटा, भात्याच्या नळ्या आणि लोखंडाचा मळ जागेवर होता. त्या लोहाराचें नांव कोणत्याही पोथींत नाहीं. त्यानें एक अक्षरही लिहून ठेविलें नाहीं. त्याच्या हातचें काम हाच त्याचा लेख, आणि तो लेख मातींत आहे.

म्हणूनच आतां आमच्या घरचा एक अपराध सांगतों. माळवदावर घालावयास पांढरी माती लागते, हें तुम्हांस ठाऊकच आहे. ती जुन्या गांवठाणाच्या पांढरींतून आणतात. आमच्या आजोबांनीं अशीच गाडी भरतांना एक तोंड बांधलेलें मडकें काढलें. आंत धन असेल म्हणून तें दगडानें फोडलें. निघाली राख आणि हाडाचे तुकडे. एवढ्यावर थांबते तर बरें होतें. पण एक मांत्रिक आला, म्हणाला, "धन खालीं आहे, वरतीं पहारा आहे." तीन अमावास्या खड्डा खणला. घरचा चांगला बैल विकून मांत्रिकाची भर केली. धन निघालें नाहीं. बैल गेला तो गेलाच, पुढल्या पेरणीस दुसऱ्याच्या दारीं जावें लागलें. आणि त्या मडक्यापाशीं कोण निजलें होतें, हें आतां कोणासही कधीं कळणार नाहीं. आमच्या घरानें दोन वेळां नुकसान केलें, एकदां आपलें आणि एकदां साऱ्या गांवाचें.

बंधूंनो, कायदा काय म्हणतो तेंही ऐका. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत पुरलेलें, दहा रुपयांहून अधिक मोलाचें कांहीं सांपडलें तर कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. लपविल्यास शिक्षा आहे. गुप्तधनासाठीं अघोरी प्रकार करणें हा तर महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. जुनापाणीचीं कडीं सरकारनें संरक्षित केलेलीं आहेत. पण आपल्या शिवारांतल्या पांढरीवर, टेकाडावर पहारेकरी कोण? आपणच.

तेव्हां आमची एवढीच विनंति आहे. नांगराला वा कुदळीला जुनें मडकें, मणी, लोखंड लागलें तर हात थांबवा. तें फोडूं नका, घांसूं नका, जागचें हलवूं नका. तलाठ्यास व तहसिलदारास कळवा, आणि शाळेच्या मास्तरांस बोलावून मुलांना दाखवा. घरच्या म्हाताऱ्यांस त्या जागेची गोष्ट विचारून ती वहींत उतरून ठेवा. मांत्रिक आला तर त्याला आमच्या बैलाची हकीकत सांगा.

निघतांना आमच्या कुंभारबंधूंनीं एका कड्यापाशीं पडलेलें खापर उचललें, बोटानें त्याची कड चांचपून पाहिली आणि होतें तेथेंच परत ठेविलें. आपण सर्वांनीं तसेंच करावें, एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.