प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा : प्रमाणपत्र आणि पात्रता

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विकासाची चर्चा आपल्याकडे बहुधा तरतुदींच्या आकड्यांपासून सुरू होते. कोणत्या क्षेत्राला किती कोटी मिळाले, मागील वर्षापेक्षा वाढ किती झाली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु मंजूर झालेला पैसा ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या खर्चात रस्ता, पूल, वीजकेंद्र किंवा रुग्णालय यांच्या रूपाने उभा राहतो का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय पायाभूत प्रकल्पांवर देखरेख ठेवते. डिसेंबर २०२३ च्या अहवालात अशा १,८२० प्रकल्पांची नोंद होती. त्यांपैकी ८४८ प्रकल्प वेळापत्रकाच्या मागे होते, तर ४३१ प्रकल्पांचा खर्च वाढला होता. ही खर्चवाढ ४.८२ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. भूसंपादनातील अडचणी, वन व पर्यावरणविषयक मंजुऱ्या, निधीची जुळवाजुळव, निविदा प्रक्रिया आणि कामाच्या व्याप्तीत मध्येच होणारे बदल ही विलंबाची कारणे अशा अहवालांतून वारंवार आढळतात. यांतील काही कारणे प्रकल्पप्रमुखाच्या हाताबाहेरची आहेत. पण व्याप्ती निश्चित करणे, जोखीम आधी ओळखणे आणि मंजुऱ्यांचा क्रम लावणे ही कामे शिकता येणारी आहेत. दिल्ली मेट्रोचा सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा २००५ मध्ये मुदतीपूर्वी पूर्ण झाला, हे उदाहरण या दृष्टीने आशादायक आहे.

शास्त्राची घडण

मोठ्या कामाचे शास्त्रशुद्ध वेळापत्रक आखण्याच्या दोन प्रसिद्ध पद्धती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाल्या. ड्यूपाँट या रसायन उद्योगात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत आकाराला आली, तर अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून ‘पर्ट’ पद्धत पुढे आली. १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही व्यावसायिक संस्था स्थापन झाली. तिने १९८४ मध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ म्हणजे पीएमपी ही प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. आज बांधकाम, ऊर्जा आणि माहिती तंत्रज्ञान अशा अनेक क्षेत्रांत हे प्रमाणपत्र ओळखले जाते.

भारतातही या विषयाची स्वतंत्र दखल घेतली गेली आहे. बांधकाम व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी ‘निकमार’ ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तिचे पुण्यातील संकुल महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित आहे. केंद्र सरकारचे ‘प्रगती’ हे आढावा व्यासपीठ मार्च २०१५ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये नीती आयोग व भारतीय गुणवत्ता परिषद यांनी कार्यक्रम व प्रकल्प व्यवस्थापनाचा राष्ट्रीय धोरण आराखडा जाहीर केला. प्रशिक्षित आणि प्रमाणित मनुष्यबळाची गरज त्यातही मांडली आहे.

पात्रता आणि स्वरूप

पीएमपी ही नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याची परीक्षा नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये अमलात आलेल्या आराखड्यात पदवीधरासाठी प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि विषयाचे ३५ तासांचे शिक्षण अशी अट होती. पदवी नसलेल्या उमेदवारासाठी अनुभवाची अट ६० महिन्यांची होती. ज्यांच्यापाशी अनुभव नाही, त्यांच्यासाठी याच संस्थेची ‘सीएपीएम’ ही प्राथमिक स्तराची परीक्षा आहे. येथे बसलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा मार्ग तेथूनच सुरू होईल.

२०२१ च्या त्या आराखड्यात २३० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ७७ सेकंद. गुणांची विभागणी अशी होती : माणसांशी संबंधित बाबींना ४२ टक्के, प्रक्रियांना ५० टक्के आणि व्यावसायिक पर्यावरणाला ८ टक्के. वेळापत्रक व हिशेब हेच प्रकल्प व्यवस्थापन, असे मानणाऱ्याने यातील पहिला आकडा दोनदा वाचावा. उत्तीर्ण होण्यासाठी नेमके किती गुण लागतात, हे संस्था जाहीर करत नाही. आराखडा ठराविक काळाने बदलतो. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वेळची अधिकृत माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक आहे; जुन्या प्रश्नसंचावर विसंबलेली तयारी व्यर्थ जाऊ शकते.

‘प्रथम काय करावे ?’

या परीक्षेत व्याख्या पाठ करून फारसे साधत नाही. प्रश्न बहुधा एखाद्या प्रसंगाच्या रूपात असतो आणि चारही पर्याय वाजवी वाटतात. उदाहरणार्थ, प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत निम्मी उभी राहिली आहे आणि एक वरिष्ठ पदाधिकारी आणखी दोन खोल्या वाढवण्यास सांगतात. प्रकल्पप्रमुखाने प्रथम काय करावे ? ताबडतोब होकार द्यावा, ठाम नकार द्यावा, विषय वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा, की या बदलाचा वेळ, खर्च व गुणवत्ता यांवरील परिणाम तपासावा ?

येथे अपेक्षित उत्तर चौथे आहे. परिणाम तपासल्यानंतर तो बदल मंजुरीचा अधिकार असलेल्यांपुढे मांडायचा आणि मंजुरी मिळाल्यावर योजनेत सुधारणा करायची, हा क्रम आहे. होकार, नकार किंवा वरिष्ठांचा सल्ला यांपैकी काहीही पुढे योग्य ठरू शकेल. पण माहितीशिवाय घेतलेला निर्णय योग्य ठरला तरी तो योगायोगच असतो. ज्या कार्यसंस्कृतीत वरिष्ठांचा शब्द हाच निर्णय मानला जातो, तेथून आलेल्या उमेदवाराला असे प्रश्न अवघड जातात. परीक्षेच्या तयारीत त्याला विचार करण्याची सवयच बदलावी लागते.

दोन छोटी गणिते

सूत्रे थोडी आहेत, परंतु त्यांचा अर्थ खोल आहे. वरील आरोग्य केंद्राचेच उदाहरण घेऊ. पाया ४ आठवडे, बांधकाम १० आठवडे, त्यानंतर वीज व पाण्याची जोडणी ५ आठवडे. दुसरीकडे उपकरणांची निविदा ८ आठवडे व पुरवठा ६ आठवडे. दोन्ही पूर्ण झाल्यावर उपकरणे बसवून चाचणी घेण्यास ३ आठवडे. पहिला मार्ग २२ आठवड्यांचा, दुसरा १७ आठवड्यांचा. म्हणून इमारतीचा मार्ग निर्णायक ठरतो आणि खरेदीला ५ आठवड्यांची सवड उरते. निविदा ४ आठवडे लांबली तरी केंद्र वेळेवर सुरू होईल. ७ आठवडे लांबली, तर मात्र उद्घाटन २ आठवड्यांनी पुढे जाईल. प्रत्येक विलंब सारखाच गंभीर नसतो. प्रमुखाने आपले लक्ष कोठे खर्च करावे, हे निर्णायक मार्गावरून कळते.

दुसरे गणित अर्जित मूल्याचे. २० किलोमीटरचा रस्ता, अंदाजित खर्च २० कोटी रुपये, मुदत १० महिने आणि काम दरमहा सारखे. पाच महिन्यांनंतर १० कोटी खर्च झाले आहेत. निम्मा काळ गेला, निम्मा पैसा खर्च झाला. वरवर सर्व सुरळीत दिसते. प्रत्यक्षात रस्ता ८ किलोमीटरच झाला आहे. म्हणजे नियोजित मूल्य १० कोटी, प्रत्यक्ष खर्च १० कोटी, पण अर्जित मूल्य केवळ ८ कोटी. खर्चाचा आणि वेळापत्रकाचा, दोन्ही निर्देशांक ०.८ येतात. हीच गती राहिली, तर २० भागिले ०.८, म्हणजे अंतिम खर्च २५ कोटी होईल. झालेला खर्च हीच प्रगती मानण्याची चूक हे साधे गणित उघडी पाडते. शासकीय योजनांचे मूल्यमापन वाचतानाही ते उपयोगी आहे.

तयारी हाच एक प्रकल्प

परीक्षेची तयारी हाही आरंभ, मुदत व मर्यादित साधने असलेला प्रकल्पच आहे. नोकरी करणाऱ्या उमेदवाराने रोज दोन तासांप्रमाणे बारा आठवड्यांची आखणी केली, तर पहिले पाच आठवडे संकल्पनांसाठी, पुढील चार प्रसंगाधारित प्रश्नांसाठी आणि अखेरचे तीन पूर्ण वेळेच्या सराव परीक्षांसाठी ठेवता येतील. सराव परीक्षेतील गुणांपेक्षा चुकांची वही अधिक मोलाची असते. चूक संकल्पना न समजल्याने झाली, प्रश्न घाईने वाचल्याने झाली, की क्रम चुकल्याने झाली, अशी वर्गवारी केली की पुढील आठवड्याचा अभ्यास आपोआप ठरतो. आजारपण व कार्यालयातील अचानक आलेली कामे यांसाठी एक आठवडा राखून ठेवावा. जोखीम व्यवस्थापनाचा हा पहिला धडा होय.

अनुभवाची नोंद प्रामाणिक असावी. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि तेव्हा कागदपत्रे द्यावी लागतात. व्यावसायिक नीतिमत्ता हा ज्या परीक्षेचा पाया आहे, तिचा अर्जच खोटा असणे ही मोठी विसंगती ठरेल.

प्रमाणपत्राचे अर्थशास्त्र

प्रमाणपत्राला बाजारात मूल्य का मिळते ? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेताच्या सिद्धांतातून याचे उत्तर मिळते. पुढे २००१ मध्ये त्यांना जॉर्ज अकरलॉफ व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. उमेदवाराची क्षमता मालकाला थेट दिसत नाही. म्हणून जी पात्रता मिळवणे अक्षम व्यक्तीला अधिक महाग पडते, ती क्षमतेचा संकेत ठरते. यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पाठांतराने वा खोट्या अनुभवाने प्रमाणपत्र मिळू लागले तर संकेताचे मूल्य सर्वांसाठीच घसरते आणि प्रामाणिक उमेदवाराचेही नुकसान होते. दुसरा असा की, संकेत दार उघडतो. आत टिकून राहण्यासाठी ज्ञानच लागते. पीएमपी धारकाला दर तीन वर्षांनी ६० व्यावसायिक विकास गुणांकांची पूर्तता करून नूतनीकरण करावे लागते, यामागे हाच विचार आहे.

खर्चाचाही विचार हवा. परीक्षा शुल्क आणि प्रशिक्षण यांवर होणारा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला लहान नाही. ज्या क्षेत्रात हे प्रमाणपत्र मागितले जाते तेथे तो गुंतवणूक ठरतो. अन्यत्र तोच पैसा तांत्रिक कौशल्यासाठी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. जाहिरातीतील वेतनवाढीच्या आश्वासनापेक्षा आपल्या क्षेत्रातील पदांच्या जाहिराती वाचून निर्णय घ्यावा.

यांपैकी अनेक विद्यार्थी पीएमपीला बसणार नाहीत. ते प्रशासकीय सेवेत जातील. मुख्य परीक्षेत पायाभूत सुविधांवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना निर्णायक मार्ग, व्याप्तीतील बदल आणि अर्जित मूल्य या संकल्पना त्यांच्या उपयोगी पडतील. त्याहून अधिक उपयोग पुढे होईल. एखाद्या तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेची फाईल समोर येईल, ‘७० टक्के निधी खर्च’ असे तिच्यावर लिहिलेले असेल, आणि त्या वेळी किती घरांपर्यंत नळाचे पाणी पोहोचले, हा प्रश्न जो अधिकारी प्रथम विचारील, तो या विषयात उत्तीर्ण झाला असे समजावे.