वरचा डोळा



अमेरिकेत मी यंत्रमानव बनविणाऱ्या एका विद्यार्थी-संघास मार्गदर्शन करतो. ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धेत चालक मैदानाच्या टोकाशी, पारदर्शक भिंतीआड उभे असतात. दूरचा यंत्रमानव अडथळ्यामागे गेला की दिसेनासा होतो. २०१९ साली तर आरंभीची १५ सेकंदे चालकांपुढे पडदाच असे. यंत्रावरील कॅमेरा किंवा आधी लिहिलेली आज्ञावली, एवढाच आधार.

म्हणून आम्ही सरावाच्या दालनात छताला कॅमेरा टांगला. सारे मैदान सोंगट्यांच्या पटासारखे दिसू लागले. पण यंत्रमानव भिंतीवर आदळू लागला! चित्र पाव सेकंद उशिरा येत होते. सेकंदाला ४ मीटर धावणारे यंत्र तेवढ्यात १ मीटर पुढे जाते. चालक सरलेला क्षण पाहून यंत्र हाकीत होता.

पुढे तेच चित्रण आम्ही खेळ संपल्यावर पाहू लागलो. वळण कोठे चुकले, वेळ कोठे गेला, हे मुलांनी स्वतःच शोधले.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो, ते गुरुजीही फळ्यावर गणित सोडविणाऱ्यास मध्येच टोकीत नसत. मुलाने खडू खाली ठेवला, की मगच चूक दाखवीत. छतावरच्या कॅमेऱ्याचा उपयोग मला त्यांच्याच वर्गात कळला होता, असे आता वाटते.