खरपूस आणि करपट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी दारू पीत नाही. घरची तशी शिकवण आहे आणि पन्नाशी ओलांडल्यावर ती मोडावी अशी इच्छाही नाही. तरीही आज एका काळ्याभोर, कडक बीअरबद्दल बोलणार आहे. कारण तिच्यामुळे अब्बांच्या चहाची चव मला तीसेक वर्षांनी कळली.

विणकराच्या घरातला माझा एक वर्गमित्र इंग्लंडात स्थायिक आहे. गेल्या हिवाळ्यात तो सोलापूरला आला, तेव्हा त्याच्या जुन्या घराच्या गच्चीवर त्यानं एक बाटली उघडली. म्हणाला, ‘ही इंपिरियल स्टाऊट.’ अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या कारखान्यातून अशी दमदार काळी बीअर रशियाच्या सम्राज्ञीसाठी जात असे. जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराच्या १७९६ सालच्या रोजनिशीत तिचा उल्लेख आहे. साध्या बीअरमध्ये पाचेक टक्के अल्कोहोल असतं, हिच्यात नऊ ते बारा. म्हणून ती घटाघटा प्यायची नसते.

बाटली त्यानं फ्रीजमधून आधीच काढून ठेवली होती. फार गार असली की तिचा वास मुका होतो, म्हणे. तोंडाशी निमुळता असलेला पेला त्यानं निम्माच भरला. वर बदामी-तपकिरी फेस आला. दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं काही दिसेना. मग पेला हलकेच फिरवून त्यानं वास घेतला, लहानसा घोट जिभेवर घोळवला, गिळला आणि गप्प बसला. घोटानंतर जे उरतं, तेही चाखायचं असतं.

नुसता वास घ्यायला त्यानं पेला माझ्यापुढे धरला. (वासाला मनाई आहे का, हे मी कुणा मौलवींना विचारलेलं नाही.) ‘कॉफी, डार्क चॉकलेट, आलुबुखार,’ तो शिकवल्यासारखं म्हणाला. मला मात्र काकवी आठवली. काळ्या मनुका आठवल्या. आणि तव्यावर जरा जास्त राहिलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा! तो हसला, पण त्यालाही ते पटलं. जव भिजवून, मोड आणून वाळवतात. त्यातले थोडे कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजतात. भाजणं खरपूसवर थांबलं तर बरं, पुढे गेलं की करपट. आपल्या आया-बहिणी रोज तव्यापुढे बसून हा फरक नाकानंच ओळखतात.

काकवीच्या वासावर मी अडकलो होतो. अब्बा गिरणीत होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली आणि घरी दूध येणंही बंद झालं. मग अब्बा गूळ घालून कोरा चहा करू लागले, काळाकुट्ट होईपर्यंत उकळलेला. ग्लास नाकाशी धरून म्हणायचे, ‘पैले बास ले बेटा, फिर घोट.’ मला ते गरिबीला दिलेलं सोंग वाटायचं.

एकदा कविसंमेलन आटोपून दोन कवी घरी आले. अब्बांनी कोरा चहा आणला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘दूध संपलंय वाटतं,’ आणि कोपऱ्यावरून उधारीनं अर्धा लिटर आणायला धावलो. परत आलो तर पाहुण्यांचे ग्लास रिकामे होते आणि त्यातले एकजण आणखी मागत होते. माझा ग्लास तसाच गार झालेला. अब्बांनी तो उचलला आणि काही न बोलता पिऊन टाकला. त्या गोष्टीवर आम्ही दोघं पुढं कधीच बोललो नाही. आता अब्बा नाहीत.

त्या रात्री गच्चीवरून घरी आलो आणि स्वतःच चहा उकळला. गुळाचा खडा टाकला. ग्लास नाकाशी धरून बसलो होतो, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, ‘अहो, दूध आहे की घरात!’