दोष यंत्रात, शिव्या आज्ञावलीला



निवृत्तीनंतर आमच्या गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर उतरवण्याचे काम मी अंगावर घेतले. संगणक जुना. त्यावर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली, कारण ती विनामूल्य मिळते आणि आमच्या वाचनालयाला तेवढेच परवडते.

दोन महिन्यांत चौदाशे नोंदी झाल्या आणि यंत्र विचित्र वागू लागले. टंकन चालू असताना आज्ञावली आपोआप बंद पडे. आज साठवलेली फाईल उद्या उघडेना. दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणी निकाल दिला, ‘व्हायरस!’ दुसरे एक जाणकार म्हणाले, ‘फुकटच्या वस्तू अशाच असायच्या.’ मी दोनदा सगळे पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवली. फरक शून्य.

शेवटी शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारले, ‘‘काका, रॅम तपासली का?’’

रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती. आपण लिहितो ते आधी तिथे मांडले जाते आणि मग डिस्कवर जाते. इंग्रजी ५ आणि ७ या आकड्यांच्या सांकेतिक रूपात फक्त एका बिटाचा फरक असतो. रॅममधले एक घर बिघडले, की पाचाचा सात होतो आणि तो सातच डिस्कवर इमानेइतबारे लिहिला जातो.

ही तपासणी करणाऱ्या साधनाचे नाव मेमटेस्ट ८६ प्लस. तेही मुक्त आणि विनामूल्य. टर्मिनलची काळी खिडकी उघडून त्याने ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे साधनाचे नाव टाइप करायला लावले. परवलीचा शब्द विचारला गेला. तो टाइप करताना पडद्यावर एक टिंबही उमटत नाही. मी घाबरलो, पण ती तिथली रीतच आहे. मिनिटभरात काम झाले. संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या यादीत मेमटेस्टची नवी ओळ आली होती.

हे साधन कार्यप्रणालीच्या आधी सुरू होते, त्याला कारण आहे. कार्यप्रणाली स्वतःच रॅममध्ये बसलेली असते. ती बसलेली जागा तिला उठवल्याशिवाय कशी झाडणार? नव्या पद्धतीच्या यूईएफआय यंत्रांवर मात्र २०२२ साली आलेली सहावी किंवा त्यापुढची आवृत्तीच हवी.

रात्री तपासणी लावून घरी गेलो. सकाळी निळ्या पडद्यावर लाल ओळी दिसल्या. म्हणजे दोष होता. वीज बंद करून रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून तपासली. एक स्वच्छ निघाली, दुसरी लाल. दोषी पट्टी बदलताच यंत्र शहाण्यासारखे वागू लागले.

पण खरा धक्का पुढेच होता. मी दर शनिवारी प्रत काढून ठेवत होतो. मात्र ती प्रतही त्याच आजारी रॅममधून गेलेली. कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा? हातची नोंदवही पुढ्यात घेऊन चौदाशेच्या चौदाशे नोंदी ताडून पाहिल्या. एकोणीस चुकीच्या निघाल्या. त्यातल्या काही माझ्याच बोटांच्या असतील, हेही कबूल करतो.

पुढे एके दिवशी एका शाळकरी मुलीने चुकून तीच ओळ निवडली. निळा पडदा पाहून ‘मी संगणक मोडला’ म्हणून ती रडू लागली. तेव्हा ठरवले, काम झाले, आता साधन काढावे. ‘रिमूव्ह’ म्हटले तर साधन जाते, पण त्याच्या मांडणीच्या फायली मागे राहतात. ‘पर्ज’ म्हटले तर त्याही जातात. मी ‘पर्ज’ केले. काढण्यापूर्वी काय काय जाणार याची यादी पडद्यावर येते आणि होकार मागितला जातो. ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. नको ते नाव दिसले, तर तिथेच थांबा. माझ्या यादीत एकच नाव होते. पुढच्या वेळी सुरुवातीच्या यादीतून मेमटेस्टची ओळ गेलेली होती.

एवढे झाल्यावर माझी एकच विनंती. संगणक वेडावाकडा वागू लागला, तर सगळे पुसून टाकण्याआधी एक रात्र त्याच्या रॅमला द्या. आणि हातची नोंदवही रद्दीत घालू नका. आमची अजून कपाटात आहे.