मोटार चालू आहे, पण दारं धरायला कुणीच नाही : थ्रिलरची पहिली दोन मिनिटं

एसटीत इअरफोन घालून बसला असाल, क्लास सुटल्यावर कट्ट्यावर असाल, नाहीतर शेतात पाण्यावर असाल, जिथं असाल तिथून ऐका. आजचा भाग फिल्म करायची हौस असणाऱ्यांसाठी आहे. हातात मोबाईल आहे, तीन-चार मित्र आहेत, खिशात पैसे नाहीत. तरी थ्रिलर करायचीय. जमेल का?

जमेल. पण अख्खी फिल्म नको. फक्त सुरुवात करा. पहिली दोन मिनिटं.

ही काही मी काढलेली युक्ती नाही. ब्रिटनमध्ये बारावीच्या आसपासची पोरं मीडिया स्टडीज हा विषय घेतात, तिथं वर्षानुवर्षं हाच प्रोजेक्ट असायचा. एका न झालेल्या सिनेमाची नावं आणि सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. पुढचा सिनेमा करायचाच नाही. याचा फायदा असा की शेवट काय, खुनी कोण, पोलीस कधी येणार, हे काही सोडवावं लागत नाही. काम एकच. बघणाऱ्यानं दोन मिनिटांनंतर म्हटलं पाहिजे, "अरे, पुढं काय झालं?"

धक्का आणि धाकधूक

आधी एक फरक समजून घ्या. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला मुलाखत देताना तो सांगितला होता. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटतो. बघणारा दचकतो, पण ते काही सेकंदांपुरतंच. आता तोच बॉम्ब टेबलाखाली ठेवताना बघणाऱ्याला आधीच दाखवा. माणसं त्याच रटाळ गप्पा मारतायत आणि आपण खुर्चीत चुळबुळ करतोय, की अरे उठा तिथून! पहिला प्रकार धक्का आणि दुसरा धाकधूक. धक्क्याला मेकअप, रक्त, आवाज असं सगळं लागतं. धाकधुकीला फक्त माहिती लागते. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, एवढंच. म्हणून ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं धाकधूक निवडावी.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन', २०१८ सालचा. सिनेमा बराचसा पुण्यात घडतो, पण सुरुवात कुठं होते? कोबीच्या शेतात. एका डोळ्यानं अधू असलेला ससा कोबी खातोय, एक माणूस बंदूक घेऊन त्याच्यामागं लागलाय. गोळी सुटते, पडदा काळा होतो आणि कानावर फक्त आवाज पडतो. मग सिनेमा भलत्याच गोष्टीकडं वळतो. त्या सशाचा अर्थ शेवटी लागतो. तो मी सांगत नाही, बघितला नसेल तर बघा. मुद्दा असा की करोडोंच्या सिनेमाची सुरुवात एका शेतात, एका सशावर झाली. हेच राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. १९८७ मधली त्यांची तिथली डिप्लोमा फिल्म 'द एट कॉलम अफेअर' एडिट कुणी केली? राजकुमार हिरानी यांनी. म्हणजे विद्यार्थी असताना शेजारी बसणारा दोस्त कोण आहे, हे जपून ठेवा.

आणि इन्स्टिट्यूट नसेल तर मालेगाव आहेच. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. सायकलीची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. कॅमेरा वर न्यायचाय तर बैलगाडीचं जू वर करा. त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी झाली आणि नंतर हिंदी सिनेमाही आला.

आता ताडकळसला येऊ

समजा तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातले, ताडकळसचे पाच जण आहात. पहिली चूक काय होते माहितीय? आपण मुंबईचा थ्रिलर करायला जातो. काळं जॅकेट, गॉगल, खेळण्यातलं पिस्तूल, आणि मोटारसायकलवरून पाठलाग. ते कुणालाच खरं वाटत नाही. तुम्हालाही नाही.

त्यापेक्षा एक प्रश्न विचारा. आपल्या गावात असं काय आहे, जे रोज दिसतं, पण जरा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीनं दिसलं तर पोटात गोळा येतो?

शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन पाण्यावर जातो. स्टार्टरला ऑटो बसवलेलं असतं. लाईट आली की मोटार आपोआप चालू होते, मग माणूस तिथं असो वा नसो.

बास. हीच तुमची सुरुवात. मोटार आपोआप चालू झाली. पाणी आलं. वाफा भरला, पाणी बांधावरून सांडायला लागलं आणि दारं धरायला कुणीच नाही.

मराठवाड्यातला माणूस पाणी वाया जाऊ देत नाही. ते सांडताना दिसलं की ताडकळसच्या कुठल्याही आजीला कळतं, काहीतरी झालंय. खून दाखवायची गरजच उरत नाही. शहरातल्या बघणाऱ्याला मात्र एवढ्यावर कळणार नाही, त्याच्यासाठी एखादी खूण ठेवावी लागेल. आता कागद घ्या, शॉट लिहू.

एक. पूर्ण काळोख, फक्त रातकिडे. मोटारीजवळचे तीन फेजचे तीन दिवे एकदम लागतात. लांबून मोटारीचा हुंकार सुरू. बारा सेकंद.

दोन. पाइपाचं तोंड. आधी हवा, गुळगुळ, मग पाणी उसळतं. दहा सेकंद.

तीन. दांडातून पाणी धावतंय, कॅमेरा जमिनीलगत. बारा सेकंद.

चार. बांधात रोवलेलं खोरं, पात्यावर ओला चिखल. म्हणजे कुणीतरी आत्ता इथं होतं. आठ सेकंद. शहरातल्या बघणाऱ्यासाठीची खूण ती हीच.

पाच. गव्हाचा वाफा भरलाय, पाणी बांध ओलांडतंय. हा शॉट लांब धरा, अठरा सेकंद. इथंच धाकधूक तयार होते, घाई करू नका.

सहा. बांधावर फोन. स्क्रीनवर 'आई'. फोन व्हायब्रेट होत होत कडेकडं सरकतोय. मग व्हॉईस नोट वाजते, "कुठं हायेस रे? पप्पा इचारायलेत." वीस सेकंद.

सात. एकच चप्पल पाण्याबरोबर वाहत येते. दहा सेकंद.

आठ. तीन दिवे विझतात. लाईट गेली. मोटार बंद. दीड मिनिट कानात भरलेला हुंकार एकदम थांबतो. शांतता. आणि त्या शांततेत, चिखलातून चपक... चपक... कुणीतरी चालत येतंय. पंधरा सेकंद.

नऊ. काळा पडदा. फिल्मचं नाव. पंधरा सेकंद.

बेरीज करा, बरोबर एकशेवीस. एकही चेहरा नाही, पिस्तूल नाही, आणि तरी कुणीतरी हरवलंय.

शूटिंगचं काम

हे रात्री बारा वाजता जाऊन शूट करू नका. साप, विंचू, कठडा नसलेली विहीर, ओल्या हातानं स्टार्टर, यातलं एकही फिल्मपेक्षा छोटं नाही. स्टार्टरची पेटी उघडायची नाही, फक्त दिवे लांबून दाखवायचे. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस मिनिटं आभाळात निळा उजेड असतो. तेवढ्यात रात्रीचे शॉट घ्या. मोबाईलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड खाली ओढा. फ्रेममध्ये आभाळ कमी ठेवा, म्हणजे रात्र वाटते. वीस मिनिटांत नऊ शॉट होणार नाहीत, दोन-तीन संध्याकाळी जातील. म्हणून रोज शेवटी फोटो काढून ठेवा. खोरं कुठं होतं, चप्पल डाव्या पायाची होती की उजव्या, पाणी कुठवर आलं होतं. नाहीतर काल डावी चप्पल आणि आज उजवी, आणि सगळं गाव तेवढंच बघून हसणार.

दिव्यांचा शॉट घेताना पट्टे फडफडताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा ॲपमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, बहुतेक वेळा फडफड जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन शॉटमध्ये मामाचा कॉल येईल.

आवाज वेगळा घ्या. दुसरा फोन पाइपाजवळ, कोरड्या जागी. वाऱ्यासाठी माइकवर सुती मोजा. मोटारीचा हुंकार, पाण्याचा खळखळाट, चिखलातली पावलं, सगळं दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा. रातकिडेही. हे झालं तुमचं पार्श्वसंगीत, फुकट आणि कॉपीराइटची कटकट नसलेलं. 'जॉज'मध्ये यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो फारसा दाखवताच आला नाही आणि सगळं ओझं संगीतावर गेलं. लोक पाण्यात उतरायला घाबरले ते न दिसलेल्या शार्कमुळं.

कामं वाटून घ्या. एक कॅमेरा, एक आवाज, एक वही आणि फोटो, एक एडिटिंग, आणि पाचवा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, परवानगीवाला. "काका, तुमच्या शेतात संध्याकाळी तासभर शूटिंग करू का? पिकात पाय टाकणार नाही," असं जाऊन नीट बोलणारा. पाणी त्यांचं आहे, त्यांच्या पाळीच्या वेळीच शूट करा. शॉटसाठी पाणी सांडू देऊ नका. तो सांडणारा वाफा खरोखर भरायचाच असेल तेव्हाचा घ्या.

आता ज्याच्यासाठी हा भाग केला ते

थ्रिलरची सगळी ताकद कशात आहे? माहिती लपवण्यात. आणि आपण ज्या फोनवर फिल्म करतोय, त्याच फोनवर अर्धवट माहिती जीव घेते.

काही वर्षांपूर्वी कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी एक जागृतीची फिल्म केली होती. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरला फक्त थ्रिलर. ती क्लिप भारतात 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून २०१८ मध्ये फोनोफोनी फिरली. त्याच वर्षी १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

म्हणून तुमची फिल्म कितीही साधी असली तरी चार गोष्टी पाळा. पहिली, प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात 'काल्पनिक लघुपट' आणि फिल्मचं नाव बारीक अक्षरात ठेवा. शेवटी एकदा टाकून उपयोग नाही, शेवटच कापला जातो. दुसरी, शूटिंगआधी सरपंच, पोलीस पाटील आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. तिसरी, कच्चे शॉट ग्रुपवर टाकू नका, 'बघ कसं झालंय' म्हणूनसुद्धा नाही. वाहत येणारी चप्पल दहा सेकंदांत गावभर फिरेल आणि कुणाची तरी आई खरोखर फोन लावत बसेल.

चौथी सगळ्यात अवघड. तुमचा गुन्हेगार कोण आहे ते तपासा. भंगारवाला, पालावरचा माणूस, वेडसर म्हणून गावानं सोडून दिलेली बाई, परप्रांतीय मजूर, हे सोपे संशयित असतात. बघणारा आधीच त्यांना घाबरायला तयार असतो, म्हणून ते वापरले की काम फुकटात होतं. पण ती भीती तुम्ही तयार केलेली नसते, ती गावात आधीच पडलेली असते, आणि तुम्ही तिला खतपाणी घालता. त्यापेक्षा चिखलातून चालत येणारी पावलं आपल्यातल्याच कुणाची तरी असू द्या. ती जास्त भीतीदायक वाटतात, कारण त्या माणसाला आपण रोज रामराम घालतो.

फिल्म पूर्ण झाली की आधी पाच जणांना दाखवा, ज्यांना गोष्ट माहीत नाही. एक शेतकरी, एक शहरात राहणारा पाहुणा, एक लहान बहीण, असे वेगवेगळे. काही समजावून सांगू नका. फक्त विचारा, "काय झालं असेल?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर तुम्ही जास्त सांगितलंय. कुणालाच काही सुचलं नाही तर फार लपवलंय. पाच जणांनी पाच उत्तरं दिली आणि आपसात भांडायला लागले, तर समजा सुरुवात जमली.

तर या आठवड्याचं काम एवढंच. कॅमेरा काढायचा नाही. तुमच्या गावातली अशी एक गोष्ट शोधा, जी थांबली किंवा आपोआप सुरू झाली तर माणसं धावत येतील. पिठाची गिरणी असेल, देवळातली घंटा असेल, शाळेची बेल असेल. एका ओळीत लिहा, नऊ शॉट पाडा. फोन त्यानंतर हातात घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रात्री पाण्यावर जाताना बॅटरी चार्ज करून न्या.